पांढऱ्या शिरांची खाण

सेलम जंक्शनच्या शेजारीच 'मॅग्नेसाइट जंक्शन' नावाचे एक रेल्वे स्टेशन आहे. आपल्या देशात देवस्थानांवरून, राजेरजवाड्यांवरून आणि साहेबांवरून नावे पडलेली स्टेशने पुष्कळ आहेत. एका खनिजावरून नाव पडलेले स्टेशन विरळाच. तेथून दिसणाऱ्या पांढुरक्या टेकड्यांना इंग्रज 'चॉक हिल्स' म्हणत. वस्तुतः त्या टेकड्यांत खडू नाही. काळपट-हिरव्या खडकातून पांढऱ्या शिरांचे जाळे पसरलेले आहे, आणि त्या शिरा मॅग्नेसाइटच्या, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटच्या आहेत. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे मिडलमिस यांनी १८९६ साली या टेकड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या पांढऱ्या दगडाची कोणाला गरज आहे? औषधाच्या दुकानातला मॅग्नेशिया आपल्या परिचयाचा आहे; पण खरे गिऱ्हाईक पोलादाचा कारखाना होय. लोखंडातील फॉस्फरस काढण्यासाठी भट्टीत चुना घालावा लागतो, आणि ही चुन्याची तप्त मळी साध्या वाळूच्या विटांचे अस्तर खाऊन टाकते. १८७८-७९ च्या सुमारास टॉमस आणि गिलख्रिस्ट या इंग्रज बंधूंनी (ते आतेभाऊ-मामेभाऊ अशा नात्याचे, सख्खे नव्हेत) दाखवून दिले, की अस्तरही चुन्याच्याच जातीचे असेल तर ते टिकते. मॅग्नेशिया त्या जातीचा आहे. पोलाद सुमारे १,६०० अंश सेल्सियसला रसरूप असते. मॅग्नेशिया वितळायला सुमारे २,८०० अंश लागतात.

हे सारे मान्य केले, तरी टेकडीत पांढरा दगड दिसला म्हणजे खाण झाली असे होत नाही. खाणीचा खरा विचार पांढऱ्या दगडापासून सुरू होत नाही. तो काळ्या दगडापासून सुरू होतो. शिरा कोठे बोटभर, कोठे हातभर रुंद. मध्ये सगळा ड्युनाइट नावाचा काळपट-हिरवा खडक. समजा, दहा टन खडक फोडल्यावर एक टन मॅग्नेसाइट हाती आले. ते भाजले की त्यातला कार्बन डायॉक्साइड वायू उडून जातो. शुद्ध मॅग्नेसाइटच्या वजनात हा वायू निम्म्याहून अधिक, शेकडा ५२ असतो. म्हणजे एक टन मॅग्नेशियासाठी दोन टनांहून थोडे अधिक मॅग्नेसाइट, आणि त्यासाठी एकवीस टन खडक! भट्ट्या खाणीजवळच का बांधतात, याचे उत्तरही येथेच मिळते. हवेत सोडून द्यायच्या वायूचे रेल्वेभाडे कोण भरील?

म्हणून पहिला खर्च सुरुंगाचा नव्हे, वेधनाचा. जमिनीत नळीसारखी छिद्रे पाडून खडकाचे दांडके वर काढायचे, शिरा किती खोल जातात ते पाहायचे, आणि प्रत्येक तुकड्याचे पृथक्करण करायचे. पृथक्करणाचे कारण असे : कार्बन डायॉक्साइड विरघळलेल्या पाण्याने मूळ खडकातील मॅग्नेशियम वेगळे होऊन शिरा बनल्या, तेव्हा त्या खडकातली सिलिकाही मोकळी झाली आणि गारेच्या रूपाने शिरांच्या अंगाला चिकटून राहिली. ही सिलिका भाजलेल्या विटेत सहज वितळणारे पदार्थ निर्माण करते. डोळ्यांना दोन्ही पांढरेच दिसते. निवडणाऱ्या कामगाराचा हातोडा आणि सरावलेली नजर येथे यंत्राइतकीच मोलाची ठरते.

मग खड्डा. उघडी खाण विहिरीसारखी सरळ खाली नेता येत नाही, कडा कोसळतील. पायऱ्यापायऱ्यांनी उतरावे लागते, आणि ट्रकांसाठी वळणावळणाचा रस्ता ठेवावा लागतो. यामुळे तळ जितका खाली, तितके तोंड रुंद. कडांचा उतार तोच ठेवून शंकूच्या आकाराच्या खड्ड्याची खोली दुप्पट केली, तर काढावयाचा खडक आठपट होतो. फायदा कोठे संपतो ती रेघ आधी कागदावर काढावी लागते. ती न काढता वरवरच्या चांगल्या शिरा ओरबाडून घेतल्या, तर खालचे खनिज काढायला लागणारा पैसा उरत नाही.

आणि काढलेला काळा दगड टाकायचा कोठे? फोडलेला दगड अखंड खडकाच्या जवळजवळ दीडपट जागा अडवतो. खड्डा पुन्हा भरला तरी ढीग उरतोच. घाईने जवळच टाकला आणि पुढे कळले की त्याखालीच शिरा आहेत, तर तो दुसऱ्यांदा उचला. ओढ्यात टाकला, तर पहिल्या पावसाळ्यात गाळ खालच्या शेतात. खाणीच्या नकाशावर गावकऱ्यांचे पाणी दाखवलेले आहे की नाही, हे मी तरी सर्वांत आधी पाहीन. ढिगाऱ्यांचे दैवही बदलते. शिरांसाठी फोडून बाजूला सारलेला ड्युनाइट पुढे पोलाद-उद्योगातच उपयोगी पडू लागला. झोतभट्टीच्या मालात तो मॅग्नेशिया पुरवतो. सरमिसळ न करता निराळा रचलेला ढीग अशा वेळी विकता येतो. माती, गार आणि ड्युनाइट एकत्र लोटलेला ढीग नुसता ढीगच राहतो.

सेलमच्या या टेकड्यांवर आज सरकारी कंपन्याही आहेत. तमिळनाडू सरकारची मॅग्नेसाइट कंपनी १९७९ ची, आणि बर्न स्टँडर्ड या कंपनीचा तेथील कारखाना २०११ साली पोलाद प्राधिकरणाकडे आला. आपल्याकडील दुसरे मोठे साठे उत्तराखंडात आहेत. तेथील खनिज स्फटिकमय असून डोलोमाइटच्या थरांच्या संगतीने सापडते. पण आधुनिक पोलादभट्टीला फार शुद्ध मॅग्नेशिया लागतो, आणि चीनच्या मोठ्या साठ्यांतून तो आयात होत असतो. सिलिका कमी करण्यासाठी चार तास अधिक निवड केली, तर मजुरीमुळे भाव चढतो. न केली तर गिऱ्हाईक जाते. खाणीच्या व्यवस्थापकाला रोज या दोहोंच्या मध्ये उभे राहावे लागते.

खाण बंद करण्याचा आराखडाही आता सुरुवातीलाच सादर करावा लागतो. २००३ पासून नियमांनी तो बंधनकारक केला आहे. त्यात वरची सुपीक माती वेगळी राखणे, ढिगारे उताराने रचून त्यांवर झाडे लावणे आणि खड्ड्यातल्या पाण्याला कुंपण घालणे ही कामे येतात. माती पहिल्याच दिवशी वेगळी ठेवावी लागते, कारण ती सुरुंगाच्या दगडात एकदा मिसळली की पुन्हा निवडून काढणे कोणालाही परवडत नाही.