तारेचे मोल आणि तारेचे वजन

अनेक जैन कुटुंबांच्या दिवाणखान्यात आजही एखादा स्टिरिओ संच जपून ठेवलेला असतो. प्रातःकाळी त्यावर णमोकार मंत्र आणि भक्तामर स्तोत्र लागते, सायंकाळी स्तवने, तर सुटीच्या दिवशी शास्त्रीय गायन. ॲम्प्लिफायर वडिलांनी हौसेने घेतलेला असतो. स्पीकर मुलाने अलीकडे बदललेले असतात. मग एके दिवशी दुकानदार सुचवतो, ‘संच उत्तम आहे, पण तारा साध्या आहेत. त्या बदला, म्हणजे आवाज खुलेल.’ तारांच्या जोडीची किंमत ऐकून वडीलधारी मंडळी थबकतात, कारण कधी कधी ती स्पीकरच्या किमतीशी बरोबरी करते. नकार द्यावा, तर मुलाला वाटते की जुन्या पिढीला यातले काही कळत नाही. होकार द्यावा, तर व्यापाऱ्याचे मन विचारते, या रकमेच्या बदल्यात पदरात नेमके काय पडणार?

या प्रश्नाचे उत्तर मापात मिळते. ॲम्प्लिफायरमधून निघालेला विद्युतप्रवाह शक्य तितक्या कमी घटीने स्पीकरपर्यंत पोहोचवणे, एवढेच स्पीकरच्या तारेचे काम. ही घट तारेच्या रोधामुळे होते. तार जितकी लांब, तितका रोध अधिक; तार जितकी जाड, तितका रोध कमी. जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण व्यवहारनियम आहे. म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरसाठी 0.4 ओहम आणि चार ओहमच्या स्पीकरसाठी 0.2 ओहम.

आता हिशेब मांडून पाहू. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार दहा मीटर होते. तांब्याची 0.75 चौरस मिलीमीटर तार एवढ्या अंतरात सुमारे 0.26 ओहम रोध निर्माण करते, दीड चौरस मिलीमीटरची सुमारे 0.13 आणि अडीच चौरस मिलीमीटरची सुमारे 0.08. आठ ओहमच्या स्पीकरला या तिन्ही चालतात. चार ओहमच्या स्पीकरला पहिली अपुरी पडते, दुसरी पुरते. अंतर दहा मीटर झाले, तर चार ओहमच्या स्पीकरसाठी अडीचची तार घ्यावी. सर्वसाधारण दिवाणखान्याचा प्रश्न एवढ्या गणिताने सुटतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे अशी तार मीटरवर मिळते. घराच्या वायरिंगसाठी वापरली जाणारी, आयएसआय चिन्हाची, बारीक तंतूंची लवचीक तांब्याची तारही हे काम चोख बजावते.

सोन्याच्या मुलाम्याविषयीही मोठा गैरसमज आहे. विद्युतवहनात चांदी पहिली, तांबे दुसरे आणि सोने तिसरे. सोन्याचा खरा गुण न काळवंडण्याचा. म्हणून मुंबई-कोकणच्या दमट हवेत पिनेवर सोन्याचा पातळ मुलामा असणे उपयोगी ठरते. परंतु त्यामुळे आवाज अधिक मधुर होतो, हे खरे नव्हे. चांदीची तार तांब्यापेक्षा अवघी सहा-सात टक्के सरस असते. तेवढा लाभ तांब्याची तार किंचित जाड घेतल्यानेही मिळतो.

सीडी प्लेअर वा रेकॉर्ड प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या आरसीए तारेचे काम निराळे. तिच्यातील संकेत अतिशय दुर्बल असल्याने तिच्याभोवती तांब्याच्या जाळीचे चांगले संरक्षक आवरण असावे, पिन घट्ट बसावी आणि लांबी गरजेपुरतीच ठेवावी. विजेच्या तारांपासून ती दूर ठेवली, तर गुणगुण बरीच कमी होते. दूरचित्रवाणीतून येणारी ऑप्टिकल तार तर अंकच वाहून नेते. अंक नीट पोहोचले की तिचे काम झाले. त्यात दोष आला तर आवाज तुटतो वा बंद पडतो. तो थोडा कमी गोड होत नाही.

मग सावध कोठे राहावे? किमतीपेक्षा मालाच्या खरेपणाबाबत. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली तार मिळते. वरून ती तांब्यासारखीच दिसते. पण तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. ती तशीच सांगून विकली, तर त्यात गैर काही नाही. ग्राहक एक माप जाड तार घेईल. दोष आहे तो तांबे म्हणून विकण्यात.

पारखण्याचे साधन सराफांच्या पेढीवर असतेच. दीड चौरस मिलीमीटरच्या तारेचा दहा सेंटिमीटरचा एक पदर कापावा, वेष्टन काढावे आणि काट्यावर ठेवावा. गणिताने त्यातील तांब्याचे वजन सुमारे 1.34 ग्रॅम येते. बारीक तंतूंच्या तारेत थोडी घट चालते. परंतु काटा एक ग्रॅमच्याही खाली राहिला, तर तार एक तर मापात कमी आहे किंवा तांब्याची नाही. थर दिलेल्या ॲल्युमिनियमचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच भरते. शंका उरल्यास सुरीने तंतू खरवडावा; आत पांढरा धातू दिसला की उलगडा झाला.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन येतात. दीडची म्हणून सव्वाची तार देणे हा पहिला; तांबे म्हणून ॲल्युमिनियम देणे हा दुसरा. ग्राहक म्हणून आपण काटा मागतो, तेव्हा आपल्या पेढीवर येणाऱ्या ग्राहकालाही तो अधिकार आहे, याचे स्मरण ठेवणे हे श्रावकाचे कर्तव्य ठरते.

एवढे करूनही घरात मतभेद उरलाच, तर निवाडा कानांवर सोपवावा. एकाने पडद्याआड तारा बदलाव्यात, आवाजाची पातळी तीच ठेवावी आणि ऐकणाऱ्याने कोणती तार आहे ते दहा वेळा सांगावे. पाच-सहा उत्तरे बरोबर येणे म्हणजे नाणेफेकच होय. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता मात्र अवघी एक टक्का असते. हजारो डॉलरची स्पीकर-तार तुलनेने स्वस्त तारेपासून केवळ ऐकून वेगळी ओळखणाऱ्यास अमेरिकेतील जेम्स रँडी यांनी 2007 मध्ये दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा प्रत्यक्षात कधी झालीच नाही.

नवी तार घेण्यापूर्वी जुनीच तपासावी, हे सर्वांत उत्तम. संच बंद करून तारेची काळवंडलेली टोके कापावीत, ताजे तांबे उघडे करून घट्ट बसवावे आणि एकही तंतू शेजारच्या टर्मिनलला स्पर्श करणार नाही, हे पाहावे. अन्यथा ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. दोन्ही स्पीकरना अधिकास अधिक आणि उण्यास उणे जोडले आहे ना, याची खात्री करावी. एका बाजूला उलटी जोडणी झाली, तर खर्जाचा आवाज क्षीण होतो आणि दोष मात्र तारेच्या माथी येतो.

परिग्रह-परिमाण म्हणजे वस्तूच घेऊ नये, असे नव्हे. किती पुरे, हे आधी ठरवून घेणे होय. तारेच्या बाबतीत ही मर्यादा मिलीमीटर आणि ग्रॅममध्ये मांडता येते. ती एकदा ठरली, की पिता आणि पुत्र यांच्यातील वाद काट्यापाशीच मिटतो आणि सकाळचे स्तोत्र त्याच जुन्या संचावर पुन्हा स्वच्छ ऐकू येते.