साप आधी सांगतो

देवदर्शनास हेदवीला गेलो असता आम्ही जांभ्याच्या गडग्यावर टेकणार, तोच बागेतला गडी ओरडला, "थांबा सायेब, फुरसं हाय!" सांदीत जेमतेम फूटभर फुरसे. वेटोळी एकमेकांवर घासून तापल्या तव्यावर पाणी पडावे तसा चर्र आवाज करीत होते. ही त्याची ताकीद. आम्ही दोन पावले मागे सरलो, तेही गप झाले.

सभासद बंधूंनो, आपल्या फडात गाठ पडते ती घोणसीशी. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. चिडली की अंग फुगवून कुकरच्या शिट्टीगत फुत्कारते. गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका पोराने अजगराचे पिल्लू समजून ती पाळायला बरणीत आणली! पिल्लालाही विष असतेच. झाकण उघडताना पोर थोडक्यात वाचले. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचे साप पाळता येत नाहीत, हे पोरांना कोण सांगणार?

नाग फणा काढतो. मण्यार मात्र बहुधा काहीच सांगत नाही, म्हणून राखणीला भुईवर झोपू नये. धामण उंदीर खाते, तिला मारू नका. दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठावा, सापावरची लस तिथे मिळते. आणि वाढ्याचा भारा उचलण्याआधी काठीने हलवून पाहावा.