आपत्तीची पूर्वतयारी आणि गावातील तट

गावच्या भूमीचे जुने लोक दोन भाग सांगत : काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. धान्याची पेवे पांढरीत खणली जात, ह्यास कारण होते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्या पोटात ठेवलेली ज्वारी कुजून जाईल. पांढरीत खोल खड्डा घेऊन, तळास व बाजूंस कडबा लावून ज्वारी भरीत आणि तोंडावर फरशी बसवून ती मातीने लिंपीत. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने संपत जाई आणि कीड आपोआप मरे. पेव उघडल्यावर मात्र कोणी एकदम आत उतरत नसे. आधी दिवा सोडून पाहत. तो विझला तर थांबावयाचे. हा नियम मोडून गुदमरल्याच्या हकीकती अनेक गावांत सांगितल्या जातात. विज्ञानाच्या पाठात श्वसन शिकविताना शिक्षकांस ह्याहून जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

पेव, बळद, कणगी ही सर्व साधने एकेका घराची होती. ज्याच्या घरी पेव त्याचे वर्ष निभावे. ज्याच्या घरी कणगीच रिकामी, त्याने काय करावे? स्वतःच्या घरापुरता साठा करून संकटाची वाट पाहण्याची वृत्ती पुष्कळ देशांत आढळते. अमेरिकेत तर परस्परविरोधी राजकीय मतांची कुटुंबे तळघरात महिनोन्‌महिन्यांचे अन्न भरून ठेवतात. ही वृत्ती निंद्य नव्हे. परंतु दुष्काळ लांबला म्हणजे तिची मर्यादा उघडी पडते.

महाराष्ट्रात ती १९७२-७३ साली उघडी पडली. वसंतराव नाईक ह्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातील त्या दुष्काळात खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. ह्या कामांमागील कल्पना वि. स. पागे ह्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे आधीच पडताळून पाहिली होती. जो अंगमेहनतीस तयार आहे त्यास काम द्यावे, एवढाच तिचा नियम. अर्जदार कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, कोणाच्या ओळखीचा, हे विचारण्याचे कारणच ह्या नियमात उरत नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. मधल्या काळात मंत्रिमंडळ बदलले होते व जनता पक्ष सत्तेत सहभागी झाला होता. योजना मात्र राहिली. जिचा लाभ एकाच गटास मिळतो, अशी योजना सत्ताबदलात टिकणे कठीण असते.

दुष्काळ चाहूल देत येतो. भूकंप तशी देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी शरद पवार राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी भुजचा भूकंप झाला, तेव्हा ते केंद्रात विरोधी पक्षात होते. तरीही पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांनी आपल्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समितीचे उपाध्यक्षपद त्यांस दिले. किल्लारीचा अनुभव कामी यावा, हा त्यातील हेतू उघड होता. २००५ साली, केंद्रातील सरकार बदलल्यानंतर, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे निर्वाचित अध्यक्ष असावेत, अशी तरतूद करण्यात आली. एक अधिकारी व एक लोकप्रतिनिधी एकाच टेबलाशी बसविण्याची ही योजना ग्रामपातळीवरही अनुकरणीय आहे.

आता वरवट बकालकडे पाहू. संग्रामपूर तालुक्यातील ह्या गावाच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस पूर्णा. वाण व तिच्यासारख्या डोंगरातून उतरणाऱ्या नद्या थोड्याच अंतरात पूर्णेस मिळतात. म्हणून सातपुड्यात पाऊस झाला की खाली आभाळ कोरडे असतानाही पूर येऊ शकतो. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने शेतजमिनी खरवडून नेल्या, हे पालकांच्या स्मरणात आहे. दुसरी अडचण खारपाणपट्ट्याची. येथील भूजल खारे, म्हणून पिण्याचे पाणी दुरून नळाने आणावे लागते. नळ तुटला अथवा वीज गेली, तर भोवती पूर असूनही प्यावयास पाणी नाही! पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, ही गोष्ट विद्यार्थ्यांस प्रयोगाने दाखवावी : चमचाभर मीठ घातलेले पाणी आटवले की मीठ तळाशी राहते.

गणिताच्या तासास हाच विषय घेता येईल. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज ४ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घरास तीन दिवसांसाठी ६० लिटर पाणी लागेल. हे ६० लिटर कोणत्या भांड्यांत, किती उंचीवर राहील, ते मुलांनी घरी पाहून यावे.

सर्वांत नाजूक प्रश्न यादीचा आहे. पूर ओसरल्यावर केलेली यादी बहुधा भांडणाची होते. कोणाची भिंत पडली, कोणाचे नाव राहिले, कोणी कोणाचे घातले, ह्यावरून गावातील तट जागे होतात, आणि खऱ्या नुकसानीचा माणूस मागे राहतो. पावसाळ्यापूर्वी, कोणासही काही मिळावयाचे नसताना केलेली यादी निराळी असते. तिच्यात नुकसान नसते. अंथरुणास खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया, एकटी राहणारी माणसे, ओढ्याकाठची घरे, पोहता येणारे तरुण, ट्रॅक्टर व दोर असलेली घरे एवढेच असते. ती करताना गावातील प्रत्येक गटाचा एकेक माणूस बरोबर घ्यावा, म्हणजे पुढे तिच्याविषयी शंका राहणार नाही. स्वीडनमध्ये २०१८ साली सरकारने संकटकाळाची माहितीपुस्तिका घरोघर धाडली. मध्यंतरी विरोधी पक्ष सत्तेवर आला, तरी २०२४ साली तीच पुस्तिका सुधारून पुन्हा धाडण्यात आली.

यादी शाळेत ठेवणे सोयीचे. ज्या खोलीत मतदान होते व सर्व पक्षांचे प्रतिनिधी एका बाकावर बसतात, त्याच खोलीत पुराच्या रात्री लोक आसऱ्यास येतात. यादीची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत असावी, दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ती तपासावी, आणि आसऱ्याच्या खोलीची किल्ली शाळेजवळच्या दोन घरी, शक्यतो दोन निरनिराळ्या तटांच्या घरी, द्यावी.