चितार आळीचे रूपांतर : एका बाजारपेठेचे पुनरवलोकन

पारंपरिक बाजारपेठ पर्यटकांचे आकर्षण ठरली की तिच्याविषयी दोन मते मांडली जातात. पर्यटनामुळे ती तगली, असे एक मत. पर्यटनामुळे तिचे मूळ स्वरूप लोपले, असे दुसरे. ही दोन्ही मते बाजाराकडे एकसंध वस्तू म्हणून पाहतात. वस्तुतः बाजारात निर्मिती, विक्री आणि उपयोग असे तीन व्यवहार एकत्र गुंतलेले असतात व ते सारख्या गतीने बदलत नाहीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची चितार आळी हे याचे बोलके उदाहरण होय.

तुलनेसाठी कणकवलीसारख्या गावाचा आठवडे बाजार घ्यावा. तेथे तांदूळ, भाजी वा सुकी मासळी विकणारा व घेणारा बहुधा एकाच मुलखातला असतो आणि मालाची पारख दोघांनाही असते. चितार आळीची मूळ घडण याहून फारशी निराळी नव्हती. सावंत भोसले यांच्या या राजधानीत चितारी कारागीर पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे आणि मुलांची खेळणी घडवीत व रंगवीत. पांगाऱ्याचे लाकूड मऊ व हलके असल्याने कोरीव कामास सोयीचे पडे. या वस्तू रोजच्या वापरातल्या होत्या. काम कच्चे राहिले तर ते घरोघरी उघडे पडे.

गंजिफेच्या इतिहासात हा संबंध अधिक स्पष्ट होतो. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, अशी एकूण १२० वर्तुळाकार पाने असतात. पाच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाच रंगांत एक्का श्रेष्ठ, असा नियम असल्याने खेळणाऱ्याच्या स्मरणाची कसोटी लागते. छापील पत्ते स्वस्त झाले तसा हा खेळ मागे पडला. १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात या कलेस आश्रय देऊन ती पुन्हा उभी केली. तथापि पुनरुज्जीवन झाले ते मुख्यतः चित्रणाचे. खेळ त्या प्रमाणात परतला नाही.

याचा परिणाम कारागिरीच्या निकषांवर होतो. खेळावयाच्या संचात सर्व पाने सारख्या आकाराची व जाडीची हवीत, आणि पाठीमागून एकही पान ओळखू येता कामा नये. भिंतीवर लावावयाच्या पानाला यांपैकी कोणतीच अट लागू होत नाही. तेथे केवळ दर्शनी बाजू पुरते. उपयोग संपला की त्या उपयोगाने जपलेले कौशल्यही अनावश्यक ठरते, मग विक्री कितीही वाढो.

गिऱ्हाईकही बदलले आहे. पूर्वी मुंबई–गोवा मार्ग सावंतवाडी शहरातूनच जात असे, त्यामुळे वाटसरू सहज बाजारात शिरे. पुढे झाराप–पत्रादेवी हा वळणमार्ग झाला आणि महामार्गाची वाहतूक शहराबाहेरून जाऊ लागली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला व १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली. परंतु सावंतवाडी रोड स्थानकही शहरापासून काही अंतरावर आहे. आज बाहेरचा माणूस चितार आळीत येतो तो बहुधा मुद्दाम, आठवण म्हणून नेता येईल अशी लहान वस्तू शोधीत. पाळण्यापेक्षा लाकडी फळांची परडी त्याला सोयीची. शिवाय वस्तू पुढे कशी टिकली, हे सांगावयास तो क्वचितच परत येतो.

१९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याने वस्तूचे नाव व तिचे उगमस्थान यांना संरक्षण मिळू शकते. तिचा उपयोग मात्र कायद्याने जिवंत ठेवता येत नाही. म्हणून अशा बाजारपेठेचा अभ्यास करताना दुकानांची संख्या किंवा उलाढाल मोजून भागणार नाही. वस्तू कोण घडवितो, तिचे दोष कोणाला ओळखता येतात आणि ते दोष कारागिरापर्यंत पोहोचतात का, हे प्रश्न विचारावे लागतील. गंजिफेचे दहा संच भिंतींवर टांगले जाण्यापेक्षा एका संचाने नियमित डाव मांडला जाणे, हे या कलेच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.