शिवराईची सावळी कळा

आमच्या घरी गौरी-गणपतीपूर्वी पूजेची तांब्याची उपकरणी चिंचेने घासण्याचा दस्तूर असे, आणि मी अकरा वर्षांचा असताना एकदा त्या परातीत आजोबांच्या चंचीतली शिवराईही पडली. एका अंगावर ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगावर ‘छत्रपति’ अशी अक्षरे धारण करणारे, रायगडावरील १६७४ च्या राज्याभिषेकापासून चालत आलेले आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात टिकून राहिलेले ते नाणे अर्ध्या घटकेत नव्या कळशीसारखे गुलाबी होऊन माझ्या हाती आले. आजीच्या मुद्रेवर समाधान होते; मला मात्र, किती पिढ्यांच्या हातांनी आणि हवेने चढविलेली ती सावळी कळा नाहीशी झाली याचे जे दुःख झाले, त्यातूनच माझा हा छंद उपजला.

रसायन थोडक्यात असे: प्राणवायूने तांबे प्रथम तांबूस, मग तपकिरी होते, गंधकाने काळवंडते, ओलाव्यात जंगाल धरते, आणि मिठाचा अंश शिरला तर फिकट हिरवी भुकटी सुटून आतून खाल्ले जाते.

घासलेल्या नाण्यास गिऱ्हाईक मिळत नाही, सबब त्यास पुन्हा रंग देण्याची विद्या निघाली. कोणी गंधकाच्या पाण्यात बुडवितात, कोणी तव्यावर तापवितात, कोणी उकडलेल्या अंड्यासोबत डबीत कोंडतात. पण ज्या नाण्याने हातोहात व्यवहार केला, त्याचे उंचवटे बोटांच्या घर्षणाने उजळ आणि अक्षरांमधील खोबणी गडद असतात, आणि एका छटेतून दुसरीत होणारे संक्रमण कोठे सुरू झाले हे भिंगालाही सांगता येत नाही. उलट आयता रंग उंचवट्यावर आणि खोलात सारखाच बसतो व जुन्या ओरखड्यांच्या तळापर्यंत उतरतो. एका विक्रेत्याने मोठ्या विश्वासाने दिलेली दुदांडी शिवराई मी ॲसिटोनमध्ये ठेवली तेव्हा द्रवात बुटाच्या पॉलिशाचा रंग उतरला, आणि खाली घासणीच्या असंख्य समांतर रेघा उघड्या पडल्या. हवेने चढविलेला थर ॲसिटोनला दाद देत नाही.

तथापि कृत्रिम रंग म्हणजे लबाडीच, असे मानणाऱ्यांशी माझी जुनी तक्रार आहे, कारण हे काम टाकसाळींनी स्वतःच केलेले आहे. मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टाकसाळीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ मध्ये तराजू व ‘अदल’ हा फारसी शब्द असलेली तांब्याची नाणी पाडली; त्या टाकसाळीच्या खास नमुन्यांपैकी कित्येकांना छाप उमटण्यापूर्वीच तपकिरी वर्ण दिलेला असे. त्याहून माझे प्रेम इंग्लंडच्या काळ्या फार्दिंगवर आहे. फार्दिंग आणि सोन्याचे अर्धे सॉव्हरिन आकाराने जवळजवळ सारखे, आणि मूल्यात मात्र ४८० पटींची तफावत. नवी, झळझळीत फार्दिंग सोने म्हणून अंधारात खपवू नये, या हेतूने १८९७ पासून सुमारे वीस वर्षे ती टाकसाळीतच काळी करून बाहेर पडे. पुढे १९४४ ते १९४६ या काळातल्या पेनींनाही हायपोने काळसर केले. छायाचित्रकाराच्या काळोख्या खोलीत असतो तोच हा हायपो. लंडनच्या एका बाजारात मी अशी १८९७ ची फार्दिंग घेतली, आणि तेथेच फुटपाथावर उभा राहून कितीतरी वेळ न्याहाळली: सर्वांगावर एकसारखा, मंद, शाईसारखा काळा रंग. शिवराईवर जो रंग संशयास्पद ठरावा, तोच येथे अस्सलपणाची खूण होय! ही फार्दिंग कोणी ‘स्वच्छ’ करून लखलखीत केली, तर खोट ती लखलखच.

तेव्हा रंग कोणी दिला, केव्हा दिला आणि कोणाला फसविण्याकरिता दिला, याची खातरजमा केल्यावाचून मी कोणत्याही नाण्याला बनावट म्हणत नाही.

आजोबांची शिवराई मी त्या दिवसानंतर कधीही घासली नाही. कागदाच्या पुडीत ती आपल्या गतीने पुन्हा तपकिरी होत आली आहे. ‘पति’च्या बाजूस मात्र एक डाग बाकीच्या अंगाआधी काळवंडला, आणि भिंगातून त्यात बारीक वर्तुळरेषा दिसतात. घामाचा क्षार तांब्यात आधी मुरतो. तो अंगठ्याचा ठसा आहे, आणि माझ्या आजच्या अंगठ्याहून पुष्कळ लहान आहे.