तीन तासांचा खेळ, सव्वातीनशे लिटर कोयना

कोयनेचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून पडले, की टर्बाइन आणि जनित्रातली घट वजा जाता साधारण १.१ युनिट वीज हाती लागते. म्हणजे एका युनिटला जवळपास ९०० लिटर पाणी.

आता कराडमधल्या एखाद्या घरात रात्री तीन तास कॉम्प्युटरवर गेम चालतो असे धरा. कॉम्प्युटर ५०० वॅट ओढणारा असेल, तर दीड युनिट जळाले. पोफळीच्या हिशोबाने १,३५० लिटर. तोच १२० वॅटचा असेल, तर ०.३६ युनिट आणि ३२४ लिटर. ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे कराडच्या सॉकेटात आलेली वीज कोयनेचीच, असे म्हणता येत नाही. पण माप म्हणून हे पाणी डोळ्यांपुढे ठेवावे. रोज तीन तास या दराने वर्षाला एका बाजूला ५४७ युनिट, दुसऱ्या बाजूला १३१. फरक ४१६ युनिटांचा, पाण्यात पावणेचार लाख लिटरांचा. दहा हजार लिटरचे सदतीस टँकर! ज्या सातारा जिल्ह्यात माण-खटावला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही तुलना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय पोफळीला गेलेले पाणी पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. कराडला जिथे कोयना कृष्णेला मिळते, त्या प्रीतिसंगमाकडे ते परत येत नाही.

कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. ती पूर्ण वापरली, तर ५०० वॅटचे ३९ लाख कॉम्प्युटर चालतील. १२० वॅटचे १ कोटी ६३ लाख.

नखाएवढ्या चकतीत १,०७० कोटी

कमी विजेवर चालणारा कॉम्प्युटर खेळाला लुळा पडेल, ही भीती आकडे पाहिले की जाते. बजेटमध्ये गेमिंग करणाऱ्यांच्या ओळखीचा एक प्रोसेसर घेऊ: रायझन ५ ५६००जी. ग्राफिक्स त्याच्यातच आहे, वेगळे कार्ड लागत नाही. त्याची सिलिकॉनची चकती १८० चौरस मिलिमीटर, अंगठ्याच्या नखाएवढी. तिच्यावर १,०७० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या आसपास. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी एक ट्रान्झिस्टर दिला, तर सारा महाराष्ट्र या चकतीच्या दोन चौरस मिलिमीटरांत मावतो.

त्यातला ग्राफिक्सचा भाग सेकंदाला सुमारे १.७ लाख कोटी आकडेमोडी करू शकतो. एखाद्याने सेकंदाला एक गणित या वेगाने, न झोपता, न थांबता काम केले, तर या चकतीचे एका सेकंदाचे काम संपवायला त्याला ५४ हजार वर्षे लागतील. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा भारताचा पहिला महासंगणक उभा राहिला. त्याची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. दोन्हीकडची गणिते सारख्या अचूकतेची नाहीत, हे लक्षात ठेवूनही अंतर हजार पटींच्या घरात जाते. तेही ६५ वॅटच्या वर्गातल्या एका चिपमध्ये.

एका चित्राचे सोळा मिलिसेकंद

ही ताकद खर्च कुठे होते? फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग नव्याने ठरवावा लागतो. एका चित्राला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झवर असेल, तर तेवढ्यात त्याचे सात कोटींहून जास्त ठोके पडतात. एका ठोक्याच्या काळात खुद्द प्रकाशसुद्धा जेमतेम पावणेसात सेंटिमीटर सरकतो. दर ठिपक्याच्या वाट्याला सुमारे १३,७०० आकडेमोडी येतात.

हेच फोर-के पडद्यावर १४४ चित्रांनी करायचे म्हटले, तर ठिपके सेकंदाला ११९ कोटी होतात. काम साडेनऊ पट, आणि वीजही त्याच दिशेने चढत जाते. म्हणून पहिली बचत दुकानात न जाता होते: सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधून टाकायची. मर्यादा नसेल, तर हलक्या गेमचा नुसता मेनू उघडा असतानाही कार्ड सेकंदाला शेकडो चित्रे काढत बसते आणि पंखे किंचाळायला लागतात. जड गेमला चित्र १,२८० गुणिले ७२० वर काढून एफएसआर या चित्र वाढवणाऱ्या तंत्राने मोठे करून घ्यावे. ठिपके ४४ टक्क्यांवर येतात.

शेगडीहून तापट

कॉम्प्युटरने ओढलेला वॅटन् वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतो. २,००० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर वीस सेंटिमीटरचे भांडे ठेवले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेसहा वॅट पडतात. ५६००जीच्या चकतीवर हाच आकडा ३६ आहे. म्हणूनच तिच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा हीटसिंक लागतो.

इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने उभे राहते. चिपच्या विजेचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.३ वरून १.१ वर आणता आले, तर या भागाची वीज २८ टक्क्यांनी घटते. वेगही दहा टक्के सोडला, तर घट ३६ टक्क्यांवर जाते. शेवटच्या थोड्या वेगासाठी सर्वांत जास्त वीज मोजावी लागते. ५६००जीला बायोसमधून ४५ वॅटच्या मर्यादेत ठेवायची सोय आहे. तिला पैसा लागत नाही.

पंख्याचे गणित

पंख्याचे फेरे निम्मे केले, की हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी वीज एक अष्टमांशावर येते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १५ डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा एक-बत्तिसांश. पंख्याचा व्यास ८० वरून १२० मिलिमीटर केला, तर तेवढ्याच फेऱ्यांत जवळपास ३.४ पट हवा वाहते. म्हणून मोठा आणि सावकाश पंखा घ्यावा. वीस डेसिबलची शांतता गाठली, तर आवाजाने हवेच्या दाबात होणारा चढउतार वातावरणाच्या एकूण दाबाच्या पन्नास कोटींव्या हिश्श्याएवढा उरतो. आपला कान तोही टिपतो. रात्री घरचे झोपलेले असताना हे महत्त्वाचे.

आता हवा किती लागते ते पाहू. आत शिरलेली हवा दहा अंशांनी तापून बाहेर पडते असे धरले, तर १२० वॅटला सेकंदाला दहा लिटर हवा लागते. तीन तासांत एक लाख आठ हजार लिटर. दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा जवळपास चार वेळा कॅबिनेटमधून जाते. ५०० वॅटला तीच सोळा वेळा. कराडच्या चहूबाजूंना ऊस आहे, सह्याद्री आणि कृष्णेसारखे साखर कारखाने आहेत. हंगामात पाचट पेटते, तेव्हा गच्चीवर काळी राख उतरते. तीच राख आणि धूळ या लाखभर लिटर हवेबरोबर हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. हवा चौपट, तर धूळही चौपट. पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर हवाच, आणि गळीत हंगामात तो पंधरा दिवसांनी धुवावा.

पैसे कुठे घालावेत

ज्यांना व्हॅलोरंट, डोटा, काउंटर-स्ट्राइक असे गेम खेळायचे आहेत, त्यांना वेगळे कार्ड नसले तरी चालते. फक्त रॅमची एक काडी न घेता दोन घ्याव्यात. डीडीआर४ ३२००ची एक काडी सेकंदाला २५.६ जीबी पोचवते, दोन मिळून ५१.२. आतले ग्राफिक्स याच रॅमवर जगते, त्यामुळे हा फरक खेळताना लगेच जाणवतो.

जड गेम हवे असतील, तर आरटीएक्स ३०५०चे ६ जीबीचे कार्ड पाहावे. २,३०४ कोअर, ७० वॅट. मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, त्यामुळे त्याच्या बहुतेक मॉडेल्सना एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची, वेगळी वायर लागत नाही. ऑफिसातून निघालेला जुना, चांगला कॉम्प्युटर घेऊन त्यात हे कार्ड बसवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. लहान कॅबिनेट असेल तर कार्डाची कमी उंचीची आवृत्ती आधी पाहून घ्यावी. याउलट आरटीएक्स ५०९० हे एकटे कार्ड ५७५ वॅटचे आहे.

एसएमपीएसवर मात्र हात आखडू नये. अर्ध्या लोडला ब्राँझ दर्जाचा सुमारे ८५ टक्के कार्यक्षम असतो, गोल्ड ९० च्या वर. वाया जाणारा प्रत्येक वॅट डब्यातच तापतो. वीज गेल्यावरही कमी वॅटचाच फायदा होतो. १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. कागदावर १२० वॅटला ते पंधरा तास पुरतात, ५०० वॅटला साडेतीन. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी होतील, ५०० वॅटचा जास्तच. युनिटला दहा रुपये धरले, तर वर्षाचे ४१६ युनिट म्हणजे ४,१६० रुपये वाचतात. घराचे बिल शंभर किंवा तीनशे युनिटांच्या उंबरठ्यावर असेल, तर वरच्या स्लॅबचा दरही टळतो.

गार, शांत आणि स्वस्त या तीन मागण्या वेगवेगळ्या वाटतात, पण तिन्हींची किल्ली वॅट हीच आहे. वॅट उतरले की उष्णता उतरते, उष्णता उतरली की पंखा मंदावतो, आणि बिल आपोआप खाली येते. म्हणून मुलांना आणि त्यांच्या पालकांना एकच सांगणे: दुकानात जाण्याआधी कागदावर पहिला आकडा वॅटचा लिहा, किमतीचा त्याच्याखाली. किंमत एकदाच मोजावी लागते, वॅटचे पैसे दर महिन्याला.