घरच्या गॅरेजातील हायड्रॉलिक प्रेस

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पिंपळगाव बसवंतात, जेथे द्राक्षबागेचा ट्रॅक्टर अथवा फवारणीचा ब्लोअर ऐन हंगामात बंद पडणे परवडत नाही, तेथे बेअरिंग हातोड्याने ठोकीत बसण्यापेक्षा घरच्या शेडमध्येच लहानशा हायड्रॉलिक प्रेसची तजवीज करणे किफायतशीर वाटावे, यात नवल नाही. पास्कलच्या ज्या सिद्धांताच्या आधारे जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये या यंत्राचे पेटंट घेतले, त्याचा हिशेब सरळ आहे : हाताचा २५ किलोंचा जोर दांड्याने सोळापट झाला आणि पंपाचा दट्ट्या १, तर मुख्य दट्ट्या ५ सेंटिमीटर व्यासाचा असला, म्हणजे घर्षण हिशेबात न धरता १० टनांचा दाब मिळतो.

बागायतदाराच्या कामास १० ते २० टन पुष्कळ झाले. मात्र टनांच्या आकड्यास भुलून चौकटीकडे दुर्लक्ष करू नये, कारण २० टनांचा जॅक पातळ चॅनेलच्या चौकटीत बसविल्यास प्रथम वाकते ती चौकटच. वेल्डिंग, आडवी तुळई व तिच्या पिना आधी निरखाव्यात, रंग मागाहून. बेअरिंग शाफ्टवर चढविताना आतल्या कड्यावर, हाउसिंगमध्ये बसविताना बाहेरच्या कड्यावर दाब द्यावा. दाबाखाली फुटलेल्या पोलादी कड्याचे तुकडे गोळीसारखे उडतात, तस्मात् डोळ्यांवरचा चष्मा आणि पुढची संरक्षक जाळी यांत काटकसर मुळीच नको.